कार्डवर ५५ आलं म्हणजे रॅमच गेली का?

चिपळूणहून एकांनी विचारलंय. घरी असेंबल्ड डेस्कटॉप आहे: तिसऱ्या पिढीचा आय-५, बी७५ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर३ रॅम. पावसाळ्यात काही आठवडे बंद होता. नंतर बटण दाबलं तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'. बीप नाही. जवळच्या दुकानदाराने पीसीआय स्लॉटमध्ये डिबग कार्ड (मशीन सुरू होताना कुठे अडकलं ते कोडमध्ये दाखवणारं छोटं कार्ड) लावलं, त्यावर ५५ आलं. 'रॅम गेली' असं सांगितलं. यांनी ८ जीबीची नवी डीडीआर३ स्टिक ऑनलाइन मागवून लावली, तरीही ५५. आता दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. त्यांचा प्रश्न असा की कार्डवर कितपत विश्वास ठेवायचा, आणि बोर्ड खरंच गेलाय हे पैसे घालण्याआधी कसं ओळखायचं.

माझं मत आधीच सांगतो. कार्ड बरोबर बोलतंय, त्याचा अर्थ चुकीचा लावला गेलाय. ५५ म्हणजे 'मला रॅम बसवलेली दिसत नाही' एवढंच बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमचं, म्हणणं. त्यावरून 'रॅम गेली' ही पहिली उडी आणि 'नवीनही चालत नाही म्हणजे बोर्ड गेला' ही दुसरी. या दोन उड्यांच्या मध्ये बऱ्याच स्वस्त गोष्टी तपासायच्या राहून गेल्यात. मशीन समोर नाही, त्यामुळे काही गोष्टी जर-तरच्याच राहतील. पण तुमच्या वर्णनात एक गोष्ट मला बोर्डापेक्षा जास्त संशयास्पद वाटते. ती म्हणजे ती ऑनलाइन आलेली नवी रॅम. तिच्याकडे येतोच.

आधी हे कोड येतात कुठून ते बघू. बटण दाबल्यावर प्रोसेसर बायोसच्या चिपमधले आदेश चालवायला लागतो आणि एकेक भाग तपासत, जागा करत पुढे जातो. स्क्रीन तेव्हा चालू नसते, म्हणून बायोस आपण कुठे आहोत हे एका ठराविक पोर्टवर दोन अंकी कोडने लिहीत जातो. आयबीएमने १९८४ च्या पीसी एटीमध्ये त्यासाठी ८० नंबरचा पोर्ट वापरला. तो षोडशमान (दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजायच्या) पद्धतीतला ८० आहे, म्हणून या कोडमध्ये अंकांबरोबर ए ते एफ ही अक्षरंही येतात. डिबग कार्ड स्वतः काहीही तपासत नाही. त्या पोर्टवर जे लिहिलं जातं ते फक्त दाखवतं.

यातले बहुतेक कोड प्रगतीचे असतात. एखादं काम सुरू करताना बायोस त्याचा कोड लिहितो, आणि मशीन तिथेच अडकलं तर तोच आकडा दिसत राहतो. गाडी चिपळूणहून सुटली आणि रत्नागिरीला आली नाही, एवढंच त्यातून कळतं. मध्ये दरड कोसळली की इंजिन बंद पडलं, हे चिपळूणच्या स्टेशन मास्तरला विचारून काय उपयोग? पण एएमआय या बायोस बनवणाऱ्या कंपनीच्या यूईएफआय (नव्या पद्धतीच्या) बायोसमध्ये काही कोड खास चूक दाखवण्यासाठी राखून ठेवलेत. रॅमच्या टप्प्यातल्या चुका ५० पासून सुरू होतात. ५० म्हणजे रॅमचा प्रकार किंवा वेग जुळत नाही, ५१ म्हणजे रॅमवरची माहिती वाचता आली नाही, ५३ म्हणजे वापरता येईल अशी रॅम सापडली नाही, आणि ५५ म्हणजे रॅम बसवलेलीच नाही. तुमचा कोड असा, म्हणजे तो नुसता टप्पा सांगत नाही, निष्कर्ष सांगतो. मात्र तो निष्कर्ष बायोसला जे दिसलं त्यावर काढलेला आहे.

इथे एक खात्री करून घ्या: तुमच्या बोर्डाचं बायोस एएमआयचंच आहे ना? बी७५ च्या काळातल्या बहुतेक बोर्डांवर तेच असतं, पण बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये शेवटी कोडचा तक्ता असला तर तो कार्डाबरोबर आलेल्या कागदापेक्षा शंभर पटीने भरवशाचा. दुकानात डिबग कार्डाबरोबर जी छोटी पुस्तिका मिळते ती बहुतेकदा जुन्या अवॉर्ड, फिनिक्स आणि जुन्या एएमआय या कंपन्यांच्या बायोसची असते. जुन्या अवॉर्ड बायोसवर रॅमची भानगड असली तर मशीन सी१ वर थांबायचं. म्हणजे तोच बिघाड, वेगळा आकडा, आणि उलट तोच आकडा, वेगळा अर्थ.

आता ५५ मधली चांगली बातमी. हा आकडा दिसतोय याचाच अर्थ प्रोसेसर जिवंत आहे आणि आदेश चालवतोय. बायोसची चिप वाचली जातेय. क्लॉक आहे, रिसेट सुटलाय, एसएमपीएसने (वीज पुरवणाऱ्या डब्याने) पॉवर गुडचा, म्हणजे वीज ठीक असल्याचा, संकेत दिलाय. रॅम नसताना बायोस हे सगळं प्रोसेसरच्या आतल्या कॅशेमध्ये थोडी जागा करून चालवतं. 'मेलेला' बोर्ड इथवर येत नाही. तो ०० किंवा एफएफ दाखवतो, नाहीतर कार्डावर नुसत्या आडव्या रेघा. त्यामुळे 'बोर्ड गेला' म्हणायचं असेल तर नेमकं काय गेलं, हे दुकानदाराला सांगता यायला हवं.

बायोसला रॅम 'दिसते' म्हणजे काय, हे कळलं की पुढची तपासणी आपोआप सुचते. प्रत्येक स्टिकवर काळ्या मोठ्या चिपांखेरीज आठ पायांची एक इवलीशी चिप असते. डीडीआर३ मध्ये तिच्यात २५६ बाइटची माहिती असते: क्षमता किती, वेग किती, रचना कशी. तिला एसपीडी म्हणतात. बोर्ड सगळ्यात आधी ही चिप वाचतो, आणि तेही एसएमबस नावाच्या दोन तारांवरून. ती वाचता आली नाही तर मोठ्या चिपा ठणठणीत असूनही बोर्डाच्या दृष्टीने तो स्लॉट रिकामा. म्हणून ५५ आल्यावर माझा पहिला संशय संपर्कावर जातो, त्यातही तुमच्यासारखं दमट हवेतलं मशीन असेल तर जास्तच. कोकणात पावसाळाभर बंद पडलेल्या मशीनमध्ये स्लॉटच्या पिना काळवंडणं हे फार नेहमीचं आहे.

साफसफाई अशी करा. प्लग भिंतीतून काढा, नुसतं यूपीएसचं बटण बंद करून भागत नाही. मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज जाईल. स्टिक काढा. सोनेरी पट्ट्या पांढऱ्या मऊ खोडरबरने दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासा. शाई खोडायचा खरखरीत रबर नको, तो सोन्याचा थरच काढतो. रबराचा भुगा झटका आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हल्ली ते मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सहज मिळतं. लोक इथेच थांबतात, पण स्लॉट तसाच घाण ठेवून स्टिक लख्ख करण्यात अर्थ नाही. मऊ, कोरडा ब्रश स्लॉटमध्ये लांबीच्या दिशेने फिरवा, मग अल्कोहोलने ओला करून पुन्हा. तोंडाने फुंकर मारू नका, तिच्यात ओलावा असतो. गंज सोडवायचा स्प्रे तर अजिबात नको.

बसवताना एका टोकाकडे मुद्दाम लक्ष द्या. डीडीआर३ च्या स्टिकला खालच्या कडेला एक खाच असते आणि ती मधोमध नसते. खाचेपासून जी बाजू लांब आहे, तिच्या अगदी शेवटाला एसपीडीचे संपर्क आहेत: एका अंगाला ११७ आणि ११८ नंबरच्या पट्ट्या, दुसऱ्या अंगाला २३६ ते २३८. यातच माहितीच्या दोन तारा आणि त्या छोट्या चिपचा वीजपुरवठा येतो. म्हणजे एकूण २४० पट्ट्यांपैकी बाकी सगळ्या नीट टेकल्या आणि हे टोक केसभर वर राहिलं, तर बोर्ड म्हणणार ५५. काही बोर्डांना एकाच बाजूला खटका असतो, दुसरी बाजू नुसती खोबणीत सरकते. तिथे हे हमखास होतं. दोन्ही टोकं अंगठ्याने समान दाबा आणि शेजारून नजर टाकून स्टिक तिरकी नाही ना ते बघा.

आता तुमच्या नव्या रॅमविषयी. स्वस्तात मिळणाऱ्या ८ जीबी डीडीआर३ स्टिकपैकी बऱ्याच 'फक्त एएमडी'साठी असतात. पॅकेटवर किंवा वस्तूच्या वर्णनात खाली कुठेतरी बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. त्यांच्यातल्या चिपांची रचना वेगळी असते. जुन्या एएमडी बोर्डांना ती चालते, इंटेलला चालत नाही. गंमत म्हणजे नुसत्या चिपा मोजून हे ओळखता येत नाही, कारण चांगल्या ८ जीबी स्टिकवरही सोळाच चिपा असतात आणि यांच्यावरही. उलट ८ जीबीच्या स्टिकवर एकाच बाजूला आठच चिपा दिसल्या तर वेगळी शंका घ्या. त्या ८ गिगाबिटच्या चिपा असणार, आणि तिसऱ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर (रॅम हाताळणारा भाग) ४ गिगाबिटच्या चिपांच्या वर जात नाही. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅमही अशीच बाजारात फिरते, तीही तुमच्या बोर्डाला नको. अशा न जुळणाऱ्या स्टिकवर खरं तर ५० किंवा ५३ यायला हवा, पण कंपन्या बायोसमध्ये आपापले फेरफार करतात आणि काही बोर्ड सरळ ५५ वरच येऊन थांबतात.

म्हणून नवीन वस्तू म्हणजे चांगली वस्तू, हे गृहीत धरून निदान करू नये. चाचणीसाठी रॅम अशी हवी की जी दुसऱ्या, तुमच्यासारख्याच इंटेल डीडीआर३ मशीनवर तुमच्या डोळ्यांसमोर चालते आहे. शेजारी, ऑफिस, कॉलेज, सायबर कॅफे, कुठूनही अर्ध्या तासासाठी मागा. आणि त्याच भेटीत तुमची जुनी स्टिक त्यांच्या मशीनवर लावून बघा. जुनी तिथे चालली तर रॅमचा विषय तिथेच संपला आणि नवी परत करायच्या मुदतीत परत पाठवा. मला वाटतं जुनी चालेल. पण हे फक्त तुमच्या वर्णनावरून, पैज लावण्याइतकं नाही.

मग मशीन अगदी उघडं करा. बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, एसएमपीएसच्या दोन्ही केबली आणि एकच स्टिक. हार्ड डिस्क, डीव्हीडी, समोरच्या यूएसबीची केबल, टीव्ही ट्यूनर, जुनं मोडेम, वायफाय कार्ड, वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर तेही बाहेर. डिस्प्लेची केबल बोर्डावरच्या पोर्टला लावा, तुमच्या आय-५ मध्ये बहुधा ग्राफिक्स आहे. कार्डं काढायचं कारण फक्त 'भार कमी' एवढंच नाही. एसएमबसच्या त्या दोन तारा रॅमच्या स्लॉटपुरत्या नसतात, बोर्डावर इतर चिपांकडे आणि बऱ्याचदा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटकडेही जातात. एखादं बिघडलेलं कार्ड त्यातली एक तार खाली ओढून धरतं आणि मग कुठलीच स्टिक वाचली जात नाही.

आता स्टिक एकेका स्लॉटमध्ये लावा आणि प्रत्येक वेळी डिबग कार्डाकडे (ते तेवढं राहू द्या) बघत राहा. शेवटचा आकडा तर बघाच, पण तिथे पोचेपर्यंतचे आकडेही बघा. मोबाइलवर व्हिडिओ काढणं सगळ्यात सोपं, नंतर हळू करून बघता येतो. चार अंकी कार्ड असेल तर त्यावर आत्ताचा आणि आधीचा असे दोन कोड दिसतात. सगळी रॅम काढून एकदा चालू करा, तेव्हा येणारी मालिका हा तुमचा मापदंड. स्टिक लावल्यावर मालिका हुबेहूब तीच राहिली तर बोर्डाला स्टिकचा पत्ताच लागत नाहीये: संपर्क, एसपीडी किंवा एसएमबस. मालिका जराही बदलली, ५१ किंवा ५३ आला, किंवा मशीन ५५ च्या आधी थोडं जास्त रेंगाळलं, तर बोर्डाला काहीतरी दिसतंय आणि अडचण पुढे आहे. एका स्लॉटमध्ये चालतं आणि दुसऱ्यात नाही असं निघालं, तर तो स्लॉट सोडून द्या आणि एका स्टिकवर मशीन वापरा. चारशे-पाचशे रुपयांच्या दुरुस्तीपेक्षा ते बरं.

'बीप नाही' असं तुम्ही लिहिलंय, पण कॅबिनेटला स्पीकर आहे का? हल्ली बऱ्याच कॅबिनेटमध्ये तो नसतोच. बोर्डावर 'स्पीकर' लिहिलेल्या चार पिनांवर लागणारा छोटा बझर पन्नास रुपयांच्या आत मिळतो. किती बीप म्हणजे काय, हे कंपनीगणिक वेगळं असतं, त्यामुळे इंटरनेटवरच्या कुठल्याही एका तक्त्यावर जाऊ नका. तुमच्या बाबतीत कार्ड आहेच, म्हणून बझर नाही मिळाला तरी अडत नाही.

सीआर२०३२ सेलही बघून टाका. मल्टीमीटरवर ३ व्होल्टच्या आसपास हवा. २.७ च्या खाली असेल तर बदला. प्लग काढलेला असताना सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवला की बायोसची सेटिंग मूळ पदावर येते. ओव्हरक्लॉक किंवा एक्सएमपीची (रॅम वाढीव वेगाने चालवायची) बिघडलेली सेटिंग रॅमला आडवी येत असेल तर ती याने सुटते.

प्रोसेसर काढून सॉकेटच्या पिना बघाव्यात का? मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे वाकलेली पिन रॅमचा चॅनल बंद पाडू शकते हे खरं. पण पिना आपोआप वाकत नाहीत. या सगळ्या प्रकरणात कुणी प्रोसेसर उचलला होता का, ते दुकानदाराला विचारा. उत्तर 'नाही' असेल तर त्या ११५५ पिनांना हात लावू नका, नसलेला बिघाड तयार होईल. 'हो' असेल तर टॉर्च तिरपा धरून मोबाइलच्या कॅमेऱ्याने फोटो काढा आणि मोठा करून बघा. सगळ्या पिनांवरचा उजेड एकसारखा चमकला पाहिजे, वाकलेली पिन लगेच वेगळी दिसते.

एसएमपीएसवर माझा संशय कमी आहे, कारण ५५ पर्यंत मशीन पोचतंय. तरी मीटर असेल तर १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये आहे का बघा. डिबग कार्डावरचे व्होल्टेजचे दिवे यासाठी पुरेसे नाहीत. ते वीज आहे एवढंच सांगतात, किती आहे ते नाही. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. २३० व्होल्टचा डीसी झाला की आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहतात.

कार्डाविषयी विचारलंत म्हणून थोडं. तुमच्या बी७५ ला पीसीआयची सोय चिपसेटमध्येच आहे, त्यामुळे कार्डावरचा आकडा मी मानतो. पुढच्या पिढ्यांच्या बोर्डांवर पीसीआय स्लॉट असला तरी तो बऱ्याचदा वेगळ्या ब्रिज चिपमागे असतो आणि ८० नंबरच्या पोर्टवरचं लिखाण तिथवर पोचतच नाही. कार्ड मख्ख राहतं आणि लोक बोर्ड मेला म्हणतात. लॅपटॉपच्या मिनी कार्डांचाही हाच अनुभव. नव्या बोर्डांवर त्यापेक्षा बोर्डावरचेच सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे बघावेत. आणि डीडीआर५ च्या बोर्डावर नवी रॅम लावल्यावर डीरॅमचा दिवा काही मिनिटं लागून राहिला तर घाबरून बटण दाबू नका, बोर्ड रॅमची जुळणी करत असतो.

आता बोर्डाचा निर्णय. खात्रीची इंटेल स्टिक, साफ केलेले स्लॉट, सगळी कार्डं बाहेर, सेल बदललेला, आणि तरीही प्रत्येक स्लॉटमध्ये तेच ५५ आलं, तर मग दोष बोर्डातच आहे असं मीही म्हणेन. तेव्हाही लगेच नवा घेऊ नका. चिप लेव्हल काम करणाऱ्याकडे (बोर्डावरचे सुटे भाग मोजून दुरुस्त करणाऱ्याकडे) न्या आणि दोनच गोष्टी मोजायला सांगा: रॅमच्या स्लॉटला १.५ व्होल्ट येतात का, आणि एसपीडीच्या टोकाला ३.३ व्होल्ट व एसएमबसच्या दोन्ही तारा ठीक आहेत का. दमट हवेत राहिलेल्या बोर्डावर बऱ्याचदा स्लॉटच्या आसपास हिरवट गंज असतो आणि तो अल्कोहोल व ब्रशने धुऊन निघतो. स्लॉट बदलायचं किंवा चिपसेट तापवायचं कुणी सुचवलं तर नको म्हणा. इतक्या जुन्या बोर्डावर ते पैसे वसूल होत नाहीत.

आणि शेवटी बोर्ड घ्यायचाच झाला तर दुकानात हमखास एच६१ चिपसेटचा बोर्ड पुढे करतील, कारण ११५५ सॉकेटचे तेच जास्त मिळतात. तो चालतो, पण एच६१ मुळात दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरसाठी २०११ मध्ये आला. तुमचा तिसऱ्या पिढीचा आय-५ त्यावर चालायला बायोस तेवढं नवं असावं लागतं. तेव्हा तुमचा प्रोसेसर आणि तुमची जुनी स्टिक बरोबर घेऊन जा, दुकानातच लावायला सांगा, आणि स्क्रीनवर बायोस उघडून दोन्ही ओळखलेत हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.